क्वालालंपूर पाहताना या चुका टाळा

सिंगापूरला जोडून मलेशिया अशी सहल आखली, की क्वालालंपूरच्या वाट्याला सहसा दीड दिवस येतो. त्या दीड दिवसात जुळे मनोरे, बटू केव्हज आणि एखादा मॉल उरकून मंडळी परततात आणि शहर चकचकीत असले तरी पाहण्यासारखे फारसे काही नाही, असे सांगतात. गेल्या काही वर्षांत मी चार वेळा या शहरात राहिले आहे. कधी लहान मुले बरोबर होती, तर कधी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. पहिल्या दोन खेपांना मी स्वतः केलेल्या आणि पुढे इतर मराठी कुटुंबांना करताना पाहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपण ठिकाणांची यादी करतो, वेळांची करत नाही. या शहरात ऊन, पाऊस, नमाज, मंदिरातील पूजा आणि खाण्याचे बाजार यांच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि त्या सांभाळल्या नाहीत, तर तीच ठिकाणे रुक्ष वाटू लागतात.

घड्याळाची चूक

मलेशियाचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे, हे सर्वांना ठाऊक असते; पण तेथे वर्षातील बहुतेक काळ सूर्य सकाळी सात वाजून गेल्यावर उगवतो आणि संध्याकाळी सातच्याही नंतर मावळतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. त्यामुळे "सकाळी लवकर" म्हणजे तेथे साडेसात, आणि ही वेळ गाठणे मुळीच अवघड नाही. तरीही आपण हॉटेलातील नाश्ता निवांत आटोपून दहा-साडेदहाला बाहेर पडतो आणि दिवसातील सर्वांत चांगले तीन तास गमावतो.

शहर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश उत्तरेला असल्यामुळे बाराही महिने दुपारचे तापमान ३२-३३ अंशांच्या आसपास असते आणि हवेत कोकणातल्या मे महिन्यासारखा दमटपणा असतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ भरून येते आणि विजांच्या कडकडाटासह तासभर मुसळधार पाऊस कोसळतो. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर तो बहुतेक दररोजच गृहीत धरावा. म्हणून उघड्यावरची ठिकाणे सकाळी उरकावीत आणि दोन ते पाच हा वेळ छताखाली घालवावा. त्यासाठी मॉलच गाठला पाहिजे असे नाही. राष्ट्रीय मशिदीजवळचे इस्लामी कलासंग्रहालय १९९८ साली सुरू झाले असून तेथील मशिदींच्या प्रतिकृतींचे दालन आणि भारतीय मुघल कलेचा विभाग शांतपणे पाहायचा तर दोन तास सहज जातात. माझ्या मते या शहरातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत समाधान देणारे ठिकाण हेच आहे.

बटू केव्हजला भर दुपारी जाणे

सहल कंपन्यांचा ठरलेला क्रम असा, की सकाळी शहरातून फेरी, मग बटू केव्हज आणि तेथून गेंटिंगच्या डोंगरावर. या क्रमाने पायथ्याशी पोहोचेपर्यंत अकरा-बारा वाजतात आणि २७२ पायऱ्या डोक्यावर ऊन घेऊन चढाव्या लागतात. आम्ही तिसऱ्या खेपेस केएल सेंट्रल स्थानकातून सकाळच्या कम्युटर रेल्वेने गेलो. बटू केव्हज हे त्या मार्गावरचे शेवटचे स्थानक असल्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता. मात्र या गाड्या मेट्रोसारख्या दर पाच मिनिटांनी नसतात. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच पाहून ठेवावी. स्थानकाबाहेर पडताच हिरव्या रंगाचा भव्य मारुती दिसतो. तो रामायण गुहेजवळचा आहे. मुख्य मंदिरासाठी तसेच पुढे चालत जावे, म्हणजे २००६ साली उभारलेली ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मुरुगनमूर्ती आणि २०१८ मध्ये इंद्रधनुष्यी रंगात रंगवलेल्या पायऱ्या समोर येतात.

येथे एक गोष्ट मराठी कुटुंबांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय, हे कळताच सासूबाई पहिल्या पायरीपाशी थबकल्या. कार्तिकस्वामीचे दर्शन स्त्रियांनी कार्तिकी पौर्णिमेखेरीज घेऊ नये, ही आपल्याकडची समजूत; पुण्यात पर्वतीवरही ती पाळली जाताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. शेजारी ओल्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळलेल्या एक तमिळ आजी दुधाचा तांब्या घेऊन वर निघाल्या होत्या. त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितले, की आमचा मुरुगन संसारी आहे, वल्ली आणि देवसेना अशा दोघी त्याच्या बायका आहेत आणि इथे बायकांना कुठलाही मज्जाव नाही. सासूबाई पदर खोचून वर चढल्या. ही माहिती आधी ठाऊक नसल्यामुळे खालीच बसून राहिलेल्या दोन मराठी बायका मला त्याच दिवशी भेटल्या, याची मला आजही हळहळ वाटते.

वर पोहोचल्यावर पहिल्याच प्रशस्त दालनात छायाचित्रे काढून परत फिरणे, ही आणखी एक चूक. मागच्या बाजूला पायऱ्यांचा आणखी एक छोटा टप्पा आहे. तो चढल्यावर डोक्यावर खडक नसून आकाश असते आणि तेथेच वल्ली-देवसेनेसह मुरुगनाचे देऊळ आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, केळी किंवा नारळ उघडा ठेवू नये, कारण माकडे थेट हातावर झडप घालतात. गुडघ्यांच्या वर राहणारे कपडे घातले असतील, तर पायथ्याशी भाड्याने मिळणारे वस्त्र गुंडाळावे लागते. थैपूसम या मुरुगनाच्या उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, लाखोंचा जनसमुदाय येथे लोटतो. तो सोहळा पाहायचा असेल तर तयारीने जावे. निवांत दर्शन हवे असेल तर तो आठवडा टाळावा.

मनोऱ्याच्या आतून मनोरा शोधणे

पेट्रोनास हे जुळे मनोरे ४५१.९ मीटर उंच असून त्यांना ८८ मजले आहेत. आत जाण्याची तिकिटे ठरावीक वेळेची असतात आणि मर्यादित असतात, त्यामुळे ऐनवेळी खिडकीवर उभे राहून निराश होण्यापेक्षा ती आधी घ्यावीत. शिवाय सोमवारी ते बंद असतात, हे सहलीचा आराखडा करतानाच पाहावे. ४१ व्या आणि ४२ व्या मजल्यांवर दोन्ही मनोऱ्यांना जोडणारा पूल म्हणजेच माथा, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यानंतर ८६ व्या मजल्यावर नेतात. पण ज्या जोडमनोऱ्यांसाठी आपण इतक्या दूर येतो, ते त्यांच्या आतून दिसत नाहीत, हे वर गेल्यावर उमगते. एकाच ठिकाणाचा खर्च परवडणार असेल, तर मी केएल टॉवर हा शहरातील दुसरा उंच मनोरा सुचवीन. तेथे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचावे, म्हणजे एकाच तिकिटात दिवसाचे, संधिप्रकाशाचे आणि दिव्यांनी उजळलेले असे तीनही शहर पाहायला मिळते. पावसात तेथील उघडा सज्जा बंद ठेवतात. पेट्रोनास मनोरे पायथ्याच्या केएलसीसी उद्यानातून फुकट आणि पोटभर पाहता येतात.

तेथून पायी काही अंतरावर सलोमा पूल आहे. २०२० मध्ये खुला झालेला हा ६९ मीटर लांबीचा पादचारी पूल मलय लग्नांत रचतात त्या विड्याच्या पानांच्या आकारावर बेतलेला आहे. पूल ओलांडला की गगनचुंबी इमारतींच्या कुशीत कांपुंग बारू ही मलय वस्ती लागते आणि खांबांवर उभी असलेली लाकडी घरे दिसू लागतात. पर्यटक पुलावर छायाचित्र काढून मागे फिरतात. पलीकडे उतरावे आणि रात्रीचे जेवण तेथेच घ्यावे.

जुने शहर गाडीतून पाहणे

क्वालालंपूर या नावाचा अर्थ चिखलाचा संगम. १८५७ साली कथिलाच्या शोधात आलेल्या चिनी खाणकामगारांनी क्लांग आणि गोंबाक नद्यांच्या संगमापाशी तळ टाकला आणि त्यातून शहर वाढले. १८८१ मध्ये आगीने आणि पाठोपाठ पुराने लाकूड-गवताची वस्ती उद्ध्वस्त केल्यावर विटांची घरे बांधण्याचा आग्रह धरला गेला. त्या विटा जेथे भाजल्या जात, तोच भाग आज ब्रिकफील्ड्स म्हणून ओळखला जातो आणि तेथे तमिळ वस्ती आहे. हा सारा इतिहास दोन-अडीच किलोमीटरांत मावतो आणि तो पायीच कळतो.

मस्जिद जामेक या मेट्रो स्थानकापासून सकाळी सुरुवात करावी. संगमाच्या टोकावर १९०९ सालची ही मशीद आहे. नदीपलीकडे १८९७ मध्ये पूर्ण झालेली सुलतान अब्दुल समद इमारत दिसते. तिचे घुमट आणि कमानी पाहताना मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस आठवते, कारण शैलीचे घराणे एकच, इंडो-सारासेनिक. समोरच्या मैदानावर ३१ ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री ब्रिटिशांचा ध्वज उतरला. तेथून दक्षिणेला जालान तुन एच. एस. ली या रस्त्यावर १८७३ साली स्थापन झालेले श्री महामरियम्मन मंदिर आहे आणि काही पावलांवर चिनी लोकांचे ग्वान दी मंदिर. एका बाजूने नादस्वरम् आणि कापराचा वास, दुसऱ्या बाजूने छताला टांगलेल्या उदबत्तीच्या वेटोळ्यांचा धूर, आणि मध्ये फूलवाल्याकडून हार घेणारा माणूस दोन्हीकडे हात जोडून जातो. गाडीच्या काचेतून हे दिसत नाही.

मशिदींत जाण्यात संकोच करणे ही आपल्याकडची मोठी चूक आहे. राष्ट्रीय मशीद आणि मस्जिद जामेक येथे इतर धर्मीयांचे मनापासून स्वागत होते आणि अंगावर घालायला झगाही दिला जातो. मात्र नमाजाच्या वेळा सोडूनच प्रवेश असतो आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तो बंद असतो, तेव्हा शुक्रवारची सकाळ मशिदींसाठी राखू नये. एखादी वस्तू दाखवताना तर्जनी रोखू नये. मलय लोक मूठ मिटून उजव्या हाताच्या अंगठ्याने दाखवतात आणि आपणही तसे केले, की समोरचा चेहरा खुलतो.

"व्हेज" या शब्दावर विसंबणे

शाकाहारी कुटुंबांची सर्वाधिक फसगत येथे होते. "सायूर" म्हणजे भाजी. पण भाजी मागितली म्हणजे पदार्थ शाकाहारी मिळेल, असा त्याचा अर्थ होत नाही. हिरव्यागार कांगकुंग भाजीत बलाचान, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा, घातलेला असतो आणि नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या, थाळीत कुरकुरीत इकान बिलिस, म्हणजे वाळवलेले छोटे मासे, असतातच. म्हणून "मांस नको" एवढ्यावर न थांबता मासे, कोळंबी आणि अंडे या प्रत्येकाचे नाव घेऊन नकार द्यावा: इकान, उदांग, तेलुर. "दागिंग" या शब्दाने बहुधा गोमांस अभिप्रेत असते.

घाबरून रोज त्याच उत्तर भारतीय हॉटेलात जाण्याचे मात्र कारण नाही. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारी खानावळींत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तेथे ताटात हुबेहूब माशासारखा तुकडा दिसला, तरी तो सोयाबीनचा असतो. अंड्याची विचारपूस मात्र तेथेही करावी. तमिळ मुस्लिमांच्या मामाक टपऱ्यांवर रोटी चनाई मिळते. साधी हवी असल्यास "रोटी कोसोंग" म्हणावे; वरणासारख्या डाळीबरोबर ती मुलांना फार आवडते. चहा आटवलेल्या दुधाचा असल्यामुळे तोंडाला मिठी बसेल इतका गोड असतो, तेव्हा "कुरांग मानिस" म्हणजे कमी गोड असे सांगावे. ब्रिकफील्ड्समधील केळीच्या पानावरचे जेवण दुपारी घ्यावे, कारण भात-भाज्या तेव्हाच ताज्या असतात. घरून नेलेला चिवडा किंवा धपाटे हॉटेलातील खोलीत खावेत. हलाल उपाहारगृहांत बाहेरचे खाद्यपदार्थ आणू देत नाहीत आणि त्यामागे त्यांच्या आहारनियमांचे कारण आहे.

येण्याजाण्यातील चुका

मलेशियात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसल्यास ते बंद करावे. तेथील विजेच्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात, म्हणून अडॅप्टर बरोबर ठेवावा. मेट्रोसाठीचे टच एन गो कार्ड एकाच्या नावावर सगळ्यांनी वापरता येत नाही. फाटकातून जाणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचे कार्ड किंवा टोकन हवे. केएल सेंट्रलचे मोनोरेल स्थानक मुख्य इमारतीत नसून मॉलमधून चालत गाठावे लागते, त्यासाठी दहा मिनिटे जास्तीची धरावीत. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत रस्ते तुंबतात, तेव्हा मोटारीऐवजी रेल्वे घ्यावी.

विमानतळ शहरापासून ५० किलोमीटरहून अधिक दूर आहे. एकट्या-दुकट्याने जलद रेल्वेने जावे; ती पहिल्या टर्मिनलवर २८ आणि दुसऱ्यावर ३३ मिनिटांत पोहोचते. चौघांचे कुटुंब असल्यास ॲपवरून मागवलेली मोटार बहुधा स्वस्त पडते. चालकाला नुसते "विमानतळ" असे सांगू नये. दोन्ही टर्मिनले एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत आणि दुसऱ्या खेपेस आम्ही चुकीच्या टर्मिनलवर उतरलो, तेव्हा सामान ओढत पुन्हा रेल्वे पकडून योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत काउंटर बंद व्हायला सात मिनिटे उरली होती. तिकिटावरचा टर्मिनलचा क्रमांक आदल्या रात्रीच पाहून चालकाला तोच सांगावा.