मुलांची साखर आणि घरातलं तेल-खोबरं: या चुका टाळा

मे महिन्यात बहीण लेकाला घेऊन मालवणला माहेरी आली होती. पंधरा वर्षांच्या त्या पोराला न्हाणीघराशी बसवून ती त्याची मान वज्रीने घासत होती. "ताई, किती घासलं तरी मळ निघत नाही गं." मान लाल झाली, काळा पट्टा तसाच. हात लावून पाहिला, तर कातडी मखमलीसारखी जाड. तो मळ नव्हता. मानेवर, काखेत कातडी अशी काळी आणि जाड झाली, की बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नसतं. उपाशीपोटी साखर तपासली, ती 109 आली. खरं तर ती शंभराच्या आत हवी. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

त्या दिवसापासून घाबरून आम्ही जे काही केलं, त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

सगळाच स्निग्धांश बंद करणं

आईने आधी खोबरं बंद केलं, मग मासे. मग ताटात राहिलं काय? भाताचा डोंगर, पातळ वरण आणि चार वाजता चहासोबत खारी, कारण "ती कोरडी असते". खारीचे पदर सुटतात तेच मुळी घट्ट तुपामुळे, आणि बेकरीत ते बहुतेकदा वनस्पती तूप असतं. शिवाय मैदा आहेच.

रक्तातली साखर जेवल्याबरोबर वाढवतात ते भात, मैदा आणि साखर. स्निग्ध पदार्थांची वाट वेगळी. त्यांच्या एका ग्रॅममध्ये 9 उष्मांक, भाताच्या पिष्टात 4. गरजेपेक्षा जास्त झालेले उष्मांक, मग ते तेलातून येवोत की भातातून, चरबी होऊन पोटावर, यकृतात, स्नायूंत साठतात आणि तिथे इन्सुलिनचं काम अडतं. वयात येताना वाढीच्या संप्रेरकामुळे इन्सुलिनचा जोर तसाही काही काळ कमी पडतो. म्हणून या वयात जादा भार लवकर दिसतो.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरणं

आमच्या चुलीजवळ स्टीलची एक बरणी असायची. रविवारी बांगडे तळले की उरलेलं तेल तिच्यात, मंगळवारी त्यातच भजी, शुक्रवारी पुन्हा मासे. एकदा मी ती उन्हात नेऊन पाहिली. तेल चहासारखं काळं, तळाशी जळका रवा, बोटाला चिकट. असं तेल तापलं की फेसाळतं, लवकर धूर सोडतं. एवढं तेल टाकून द्यायला आईचा जीव होत नव्हता, आणि ते मला समजतं, महागाई आहे. उपाय एकच सापडला: कढई लहान घ्या, तेल कमी ओता, उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळायला नाही.

बाहेरच्या वडापावाच्या गाडीवर तर हे आपल्या हातातच नसतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा स्निग्धांशावर, 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण गाडीवरचं तेल कितव्यांदा तापतंय हे आपल्याला कोण सांगणार?

मासा चांगला, म्हणून तळलेला मासा चांगला

बांगडा, पेडवे यांत ओमेगा-3 हा चांगला स्निग्धांश असतो आणि ते आपल्याकडे स्वस्तात मिळतात. पण रव्यात घोळवून तेलात सोडले की रवा तेल पितो. त्याऐवजी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करा. भाचा पहिल्या दिवशी नाक मुरडत होता, तिसऱ्या दिवशी भाकरी मागून घेतली.

खोबऱ्याचं म्हणाल तर ते विष नाही. पण खोबरेल तेलात सुमारे 90 टक्के संपृक्त स्निग्धांश असतो, तेव्हा रोजची फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची बरी. आमटीचं वाटप आम्ही निम्म्यावर आणलं. मूठभर शेंगदाणे किंवा चार काजू खारीच्या जागी चालतात, तळलेले आणि खारवलेले मात्र नकोत.

तपासणीतली गडबड

सकाळी "फक्त चहा घेतलाय" म्हणजे उपाशीपोट नव्हे. आठ तास पाण्याशिवाय काही नको. तेलकट जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे साखर उशिरा चढते आणि जास्त वेळ वर राहते. वडे-समोसे खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा बरा दिसला, तरी पुढे तो चढू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी हे डॉक्टरांशी नक्की बोलावं.

थांबू नका अशी वेळ

मूल सारखं पाणी पितंय, रात्री लघवीला उठतंय, खाऊनही वाळतंय, तर आहार बदलून बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो टाइप 1 मधुमेह असू शकतो आणि त्याला इन्सुलिनच लागतं. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर थेट दवाखाना.

भाच्याची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी आता गणपतीत करायची आहे. मोदक दोनच द्यायचे, हे आईकडून कबूल करून घेतलंय.