घरी बनवलेला स्किमर आणि ओझोन : या चुका टाळा

"स्किमर नीट चालत नाही, म्हणून ओझोन लावून बघतो." खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नाद असलेल्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझ्या काळजात धस्स होतं. स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातला कचरा वर चढवून कपात गोळा करणारी नळी, आणि ओझोन म्हणजे त्या कचऱ्याचे रेणू तोडणारा जहाल वायू. स्किमरचं काही चुकलं तर ते डोळ्यांना दिसतं. कप कोरडा राहतो, नाहीतर जमिनीवर पाणी येतं. ओझोनचं चुकलं तर पाणी उलट आरशासारखं लख्ख दिसतं, आणि मासे धापा टाकायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून आधी स्किमर जागेवर आणायचा आणि ओझोनचा विचार त्यानंतर करायचा.

फेस का येत नाही

पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कचऱ्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. हे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि फेसाबरोबर वर चढतात. त्यामुळे सगळा खेळ तीन गोष्टींचा आहे: बुडबुडे किती, ते किती बारीक, आणि पाणी त्यांच्या संगतीत किती वेळ राहतं.

पहिली चूक तर बनवण्याच्या दिवशीच होते. नळी चिकटवली, बादलीभर साध्या पाण्यात सोडली, मोठाले बुडबुडे बघून हिरमोड झाला आणि स्किमर मोडीत निघाला. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. साध्या पाण्यात फक्त गळती तपासा. फेसाची परीक्षा मीठ घातलेल्या पाण्यातच होते.

तीही लगेच नाही. नळ्या चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट पूर्ण वाळायला निदान दोन दिवस द्या, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यात स्किमर काही तास चालवून स्वच्छ धुवा. तरीही नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत तो एक दिवस उतू जाईल आणि दुसऱ्या दिवशी रुसून बसेल. पहिले एक-दोन आठवडे रोज व्हॉल्व्ह पिळत बसू नका.

एअर स्टोनवर (हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या सच्छिद्र तुकड्यावर) चालणाऱ्या उभ्या नळीत पाणी वरून आत यायला हवं आणि हवा खालून. दोघांना खालूनच आत सोडलं तर पाणी बुडबुड्यांसोबत वर जातं आणि त्यांची गाठभेट थोडक्यात आटोपते. नळीतली पातळी ठरवणारा व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या पाण्यावर बसवा, आत येणाऱ्या पाण्यावर नव्हे. तिथे बॉल व्हॉल्व्ह लावला तर केसभर फिरवल्यावर पातळी बोटभर उडी मारते. गेट व्हॉल्व्ह किंवा वर-खाली सरकणारी उभी नळी लावली की हा त्रास संपतो.

नळी उंच केली की फेस वाढतो, हे खरं. पण दर १० सेंटीमीटर पाण्यामागे एअर पंपाला साधारण १० मिलिबार दाब जास्त द्यावा लागतो. एक मीटर नळीच्या तळाशी हवा ढकलायची तर १०० मिलिबार झाले, वर स्टोनचा अडथळा वेगळाच. छोटा पंप तिथे गुडघे टेकतो. लाकडी एअर स्टोन सुरुवातीला दुधासारखा दाट, बारीक फेस देतो आणि काही आठवड्यांत तुंबतो. बुडबुडे मोठे दिसायला लागले की स्टोन बदला, पंपाला दोष देऊ नका. व्हेंच्युरी (वाहत्या पाण्याच्या जोराने हवा आत ओढणारं अरुंद तोंड) असेल तर हवेच्या तोंडाशी मिठाचा थर धरतो. तिथे कोमट साधं पाणी ओतलं की हवा पुन्हा मोकळी ओढली जाते.

हे सगळं ठीक असूनही कप कोरडा असेल, तर स्किमरच्या वरच्या मानेतून, म्हणजे फेस ज्यातून कपात चढतो त्या भागातून, आतून बोट फिरवा. बोटाला तपकिरी, तुपासारखा ओशट थर लागेल. चढणारा फेस त्या थराला लागून फुटतो. दर दोन-तीन दिवसांनी मान पुसणं हे स्किमरसाठी करता येण्यासारखं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

उतू जाणं

हाताला लावलेलं क्रीम, प्रवाळ चिकटवायची एपॉक्सी पुट्टी, काही औषधं, पाण्यात घालायचे कंडिशनर: यांतलं काहीही टाकीत गेलं की फेस खवळतो. पाणी परत टाकीत ढकलणारा रिटर्न पंप बंद पडून सम्पची, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीची, पातळी वाढली की तेच होतं. अशा वेळी स्किमरमधली पातळी खाली आणा, नाहीतर काही तास तो बंद ठेवा.

माझ्याकडे एकदा हे रात्री झालं. संध्याकाळी पुट्टीने एक प्रवाळ चिकटवला, हात धुतले आणि झोपलो. सकाळी कॅबिनेटचा तळ भिजलेला आणि गोड्या पाण्याचा २५ लिटरचा पिंप रिकामा. स्किमर खारं पाणी बाहेर टाकत होता, आणि पातळी उतरली म्हणून ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) इमानेइतबारे गोडं पाणी भरत होता. दोनशे लिटरच्या टाकीची घनता १.०२५ वरून १.०२२ वर आली होती. ती परत वर न्यायला मी दोन दिवस घेतले, कारण क्षारता झपाट्याने वाढवली तर जिवांना दुहेरी धक्का बसतो. तेव्हापासून कपाची नळी एका डब्यात सोडली आहे, डब्यात फ्लोट स्विच आहे, आणि डबा भरला की स्किमरचा पंप बंद होतो. हा स्विच नसेल तर निदान टॉप-ऑफचा पिंप तरी लहान ठेवा.

ओझोन लावण्याआधी

पाण्याची पिवळट झाक ओझोन फार सुंदर घालवतो. ती झाक ज्या रेणूंमुळे येते ते तो तोडून टाकतो. पण तो तुंबलेल्या स्किमरचा पर्याय नाही, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध तर नाहीच. त्या परजीवीच्या गाठी वाळूत आणि खडकांवर चिकटून असतात. त्या स्किमरमधून कधी जातच नाहीत, मग ओझोनच्या तावडीत येणार कशा?

सगळ्यात घातक गैरसमज हा, की ओझोन काही सेकंदांत नाहीसा होतो, म्हणून काळजीचं कारण नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. ओझोन जाता जाता त्याचं हायपोब्रोमस आम्ल करून ठेवतो. हे क्लोरीनच्याच जातकुळीतलं जंतुनाशक, आणि ते ओझोनसारखं चटकन जात नाही. मासे भाजतात ते बहुधा यानेच. म्हणून स्किमरमधून बाहेर पडणारं सगळं पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून (अशी रसायनं काढून घेणाऱ्या खास कोळशातून) गेलंच पाहिजे. सम्पच्या कोपऱ्यात लटकवलेल्या कार्बनच्या पिशवीला वळसा घालून पाणी निघून जातं, तिचा उपयोग नाही. कार्बन पुरतो आहे का, हे तपासायला साधा डीपीडीचा (क्लोरीनसारखं काही असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाचा) टोटल क्लोरीन टेस्ट किट चालतो. कार्बनमधून आलेलं पाणी किंचितही गुलाबी झालं तर ओझोन बंद करा आणि कार्बन बदला.

दुसरा कार्बन हवेसाठी. कपाच्या झाकणातून निघणाऱ्या हवेत उरलेला ओझोन असतो, आणि तो घरातल्यांच्या फुप्फुसात जातो. १८४० मध्ये शोनबाइन यांनी या वायूला नाव दिलं तेच 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो, पण थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही मर्यादा आहे. बाहेरून खोलीत येताच वास जाणवला तर यंत्र बंद करा आणि खिडक्या उघडा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर मी ओझोन लावूच नका म्हणेन.

जोडणी आणि साहित्य

क्रम असा: एअर पंप, मग हवा सुकवणारी सिलिका जेलची नळी, मग ओझोनायझर (ओझोन तयार करणारं यंत्र), मग पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि शेवटी स्किमर. ओझोनायझर पंपाच्या आधी लावला तर पंपाचा रबरी पडदा फाटतो. दमट हवा आत गेली तर ओझोन कमी तयार होतो, शिवाय हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल बनून यंत्र आतून खात जातं. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून सुकवायचं. यंत्र कायम पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. वीज गेल्यावर नळीतून उलटं आलेलं पाणी व्हॉल्व्ह अडवेलच असं नाही.

व्हेंच्युरीच्या स्किमरला सुकवणीची बारीक नळी जोडली तर हवाच अडते आणि फेस बसतो. मग लोक ओझोनला नावं ठेवतात. तोंड मोठं असलेली सुकवणी वापरा, नाहीतर ओझोनला स्वतंत्र बंद नळकांडं करून द्या. मला दुसरा उपाय जास्त पटतो. जास्त ओझोनने फेस थोडा कमी होतोच, कारण फेस धरणारे रेणूच तो तोडतो.

घरगुती स्किमरमध्ये ओझोन सोडताना प्रत्येक सांधा पुन्हा बघा. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी टिकतात, सिलिकॉनची नळी बऱ्यापैकी टिकते. साधं रबर तडकतं, नायलॉन ठिसूळ होतं, नेहमीची एअर नळी कडक होऊन चिरते, आणि लाकडी स्टोन बोटांनी चुरता येईल असा होतो.

किती ओझोन, आणि ठरवणार कोण

शंभर लिटरला तासाला ५ ते १० मिलिग्रॅम पुरेसे होतात. सुरुवात पाचाच्याही खालून करा. ओआरपी, म्हणजे पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद, प्रोबने मोजून ओझोन चालू-बंद करणारा कंट्रोलर ३५० मिलिव्होल्टच्या आसपास लावा आणि ४०० च्या वर कधीच जाऊ देऊ नका. पण त्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. प्रोबवर शेवाळ किंवा चिकटा बसला की वाचन कमी येतं, आणि कंट्रोलर बिचारा ओझोन सोडतच राहतो. कल्कवासर (चुन्याची निवळी) घातल्यावर पीएच वाढतो, त्याबरोबर ओआरपी उतरतो, आणि पुन्हा तेच. खाणं टाकल्यावरही आकडा खाली जातो. प्रोब महिन्यातून एकदा साफ करून कॅलिब्रेशनच्या द्रावणात तपासा. साफ केल्यावर तो एखाद-दोन दिवस भरकटतो, तेवढा वेळ ओझोन बंद ठेवा.

माझं स्वतःचं मत असं, की मोठं यंत्र आणि महागडा कंट्रोलर यापेक्षा लहान यंत्र बरं. कंट्रोलर अडकून ते चोवीस तास चालू राहिलं तरी टाकी वाचेल, इतकंच लहान घ्या.

औषध चालू असताना ओझोन बंद. आणि पिवळेपणा गेल्यावर प्रवाळांवर एकदम जास्त प्रकाश पडतो, तेव्हा दिव्यांची तीव्रता आधी उतरवून मग आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

मासे धापा टाकत असतील तर

मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवताहेत, प्रवाळ मिटलेत, गोगलगायी काचेवरून पडल्यात, असं दिसलं की आधी ओझोनायझरची पिन काढा. विचार नंतर. स्किमर चालू ठेवा, त्याची हवा टाकीला हवीच आहे. ताजा कार्बन घाला, तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने पाव टाकी बदला आणि क्लोरीनची चाचणी करा. चाचणी कोरी आली तर कारण दुसरं असेल: अमोनिया, तापमान, घनता या क्रमाने बघा. गुलाबी आली तर ती कोरी होईपर्यंत कार्बन बदलत राहा.

त्यानंतर दोन आठवडे ओझोनशिवाय, फक्त पुसलेल्या मानेच्या स्किमरवर टाकी चालवून बघा. पाण्यात पिवळी झाक परत आलीच नाही, तर यंत्र कपाटातच राहू द्या.