उरणारं लिव्हर कसं मोजायचं

ट्यूमरसाठी लिव्हरचा भाग कापून काढण्याआधी किती लिव्हर उरेल, ते आम्ही सीटी स्कॅनवर मोजतो. रिपोर्टिंगला नव्याने आलेली मुलं लगेच माऊस हातात घेऊन अख्खं लिव्हर मोजायला बसतात. मी त्यांना आधी सर्जनना फोन लावायला सांगते. कुठून कापणार, मिडल हेपॅटिक व्हेन (लिव्हरच्या मधून रक्त बाहेर नेणारी शीर) कुठल्या बाजूला ठेवणार, हे कळल्याशिवाय आमच्या आकड्याला अर्थ नाही. ऑपरेशननंतर पेशंट जगतो तो पोटात उरलेल्या लिव्हरवर.

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या सेंटरला गडचिरोली, बालाघाटहून माणसं रात्रभर प्रवास करून, उपाशीपोटी येतात. मे महिन्यात तर अंगातलं पाणी पार आटलेलं असतं. म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघायची, आणि मगच कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळवणारं औषध, शिरेतून द्यायचं. श्वास रोखण्याची तालीम टेबलावर झोपवण्याआधीच करून घ्या. ‘मावशी, श्वास घ्या, धरून ठेवा’ हे दोनदा झालं की लिव्हर स्कॅनच्या मध्येच खाली-वर सरकत नाही. मोजायला पोर्टल फेज घ्यायचा, कॉन्ट्रास्ट सुरू केल्यापासून साधारण ७० सेकंदांनी. तेव्हा लिव्हरला रक्त आणणारी पोर्टल आणि बाहेर नेणाऱ्या हेपॅटिक, दोन्ही व्हेन्स उजळलेल्या असतात.

आता प्रत्येक स्लाइसवर, म्हणजे स्कॅनच्या एकेका आडव्या कापावर, लिव्हरची कड ट्रेस करा. पित्ताशय, आयव्हीसी (लिव्हरमागची मोठी शीर), लिव्हरबाहेरची पोर्टल व्हेन आणि फिशरमधली, म्हणजे लिव्हरच्या खाचांमधली चरबी बाहेर ठेवा. सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली कड तशीच स्वीकारू नका. ती वर हृदयात शिरते, आणि काही बायकांत प्लीहेपर्यंत पोचलेलं डाव्या लोबचं पातळ टोक सोडून देते. सगळ्या स्लाइसची क्षेत्रफळं चौरस सेंटिमीटरमध्ये मांडून बेरीज करा, दोन स्लाइसमधल्या अंतराने (तेही सेंटिमीटरमध्ये) गुणा, की मिली मिळतात.

गुणायचं ते अंतराने, जाडीने नाही. सुरुवातीच्या काळात ५ मिमी जाडीच्या, पण दर २.५ मिमीवर काढलेल्या स्लाइस मी जाडीने गुणल्या आणि लिव्हर २८४० मिली आलं. पेशंटची उंची १६० सेंमी, वजन ५८ किलो. शरीराचं पृष्ठफळ सुमारे १.६१ चौरस मीटर. त्याला १२६७.२८ ने गुणून ७९४.४१ वजा केले की अपेक्षित लिव्हर येतं सुमारे १२४० मिली. ट्यूमर धरूनही दुपटीहून जास्त कसं असेल? पुन्हा मोजलं, १४२० आलं. तेव्हापासून हा ताळा घेतल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कापण्याच्या रेघेला द्या. उजवा-डावा भाग वेगळा करणारी कँटलीची रेघ पित्ताशयाच्या खोबणीपासून आयव्हीसीपर्यंत जाते. ती सरळ पट्टीने ओढली की काम बिघडलं. वरच्या स्लाइसमध्ये मिडल हेपॅटिक व्हेन पकडा आणि एकेक स्लाइस खाली उतरत तिच्या वळणाने चला. कॉडेट लोब, म्हणजे आयव्हीसीजवळचा लिव्हरचा मागचा छोटा भाग, राहणार की जाणार, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

त्याच पेशंटमध्ये ट्यूमर २६० मिली होता आणि उरणारा डावा भाग ३४०. ट्यूमर काम करत नाही, म्हणून भागायचं ते ११६० ने. आले २९ टक्के. १४२० ने भागलं असतं तर २४ दिसले असते. निरोगी लिव्हरमध्ये २० टक्के उरलं तरी चालतं, बरीच केमो झाली असेल तर ३० लागतं आणि सिऱ्हॉसिसमध्ये ४०. या पेशंटची केमो झालेली होती. त्यामुळे उजवी पोर्टल व्हेन बंद करून डावा भाग वाढू द्यायचा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, असं ठरलं.

दुसऱ्यांदा मोजताना रेघ पहिल्याच जागी हवी, नाहीतर लिव्हर वाढलं की रेघ सरकली, ते कळणार नाही. म्हणून पहिल्या रिपोर्टलाच रेघ दाखवणाऱ्या चार-पाच स्लाइसचे फोटो जोडा आणि भागाकार कशाने केला तेही लिहा.