धुऊन वापरायचा ऑइल फिल्टर: माझा अनुभव

माझी साधी पेट्रोल गाडी, रोज भांडुप ते बीकेसी. दर सर्व्हिसला फिल्टर फेकणं जिवावर यायचं, म्हणून स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर 4,500 रुपयांना आणला. कागदी फिल्टर मला दीडशेला पडतो. म्हणजे पैसे वसूल व्हायलाच 30 सर्व्हिस!

खरा त्रास धुण्याचा. डिझेलमध्ये बुडवा, मऊ ब्रशने जाळी साफ करा, पूर्ण वाळवा. थोडं जरी डिझेल राहिलं तरी ते नव्या ऑइलमध्ये जाणार. आणि ते काळं डिझेल गटारात ओतू नका हो, पावसाळी पाण्याबरोबर ते खाडीत जातं. मी कॅनमध्ये भरून गॅरेजवर दिलं.

दुसऱ्या खेपेनंतर सकाळी पार्किंगमध्ये ऑइलचा डाग. ओ-रिंग, म्हणजे ऑइल गळू नये म्हणून फिल्टरला असलेली रबरी रिंग, चपटी झाली होती. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, रिंग दर वेळी नवीन लागते, नाहीतर सरळ कागदी लावा."

कागदीच लावला. सीलला नव्या ऑइलचं बोट फिरवलं, सील टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळला, पाना लावला नाही. इंजिन चालू करून खाली वाकून पाहिलं, कोरडं. रेसिंगवाल्यांना जाळी उपयोगी, कारण ती उघडून धातूचे कण तपासता येतात. रोजच्या ट्रॅफिकमधल्या गाडीला मी कागदीच लावणार.