कॅन्सरच्या पेशी रक्तातून गाळताय? बहुतेक चुका चाळणीआधीच होतात

साडेसात मिलिलिटर रक्तात तीन-साडेतीन हजार कोटी तांबड्या पेशी, काही कोटी पांढऱ्या आणि त्यात शोधायच्या कॅन्सरच्या कधी पाच, कधी एकही नाही. यंत्र चोख असतं, घोळ आपण घालतो.

पहिली चूक सुई टोचतानाच होते. त्वचेतून शिरताना सुई त्वचेच्या पेशीही सोबत आणते. त्याही एपिथेलियल (त्वचेच्या आणि अवयवांच्या अस्तराच्या), म्हणजे आपण शोधतो त्याच जातकुळीच्या. म्हणून पहिली नळी सीबीसीला (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीला) द्या, या तपासणीची नळी नंतर भरा. भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा. ताक घुसळल्यासारखी हलवू नका. आणि डॉक्सोरुबिसिन, म्हणजे तो लाल सलाईन, चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान सात दिवस थांबा. औषध स्वतःच चमकतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फसवतं.

मग प्रवास. नाशिकला रक्त काढायचं आणि तपासणी मुंबईला, त्यामुळे खरी परीक्षा कसारा घाटातच. साध्या ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतल्या पेशी काही तासांतच खराब व्हायला लागतात. पेशी टिकवणाऱ्या खास नळीत (सेलसेव्ह) 96 तास मिळतात, पण तापमान 15 ते 30 अंशांतच हवं. आपला हात मात्र सवयीने बर्फाच्या डब्याकडे जातो. बर्फ नको! डिसेंबरच्या पहाटे निफाडहून मोटारसायकलच्या डिकीतून आलेली नळी बर्फाशिवायच गारठलेली असते. मे महिन्यात बंद गाडीत उलटा त्रास. साधा थर्माकोलचा डबा आणि आत थर्मामीटर, एवढं पुरतं.

आकारावर गाळणाऱ्या चाळणीची छिद्रं साधारण 8 मायक्रॉनची. तांबडी पेशी वाकून निसटते, कॅन्सरची मोठी पेशी अडकते. चाळणी तुंबली की सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबायचा मोह होतो. तो आवरा. कॅन्सरची पेशीही मऊ असते, दाबाने चेपून पलीकडे जाते. तुंबण्याचं कारण बहुधा गुठळी असते, म्हणजे नळी नीट मिसळली नव्हती. सुई टोचण्याचा परिच्छेद पुन्हा वाचा.

दुसरी, चुंबकाने पकडणारी पद्धत पेशीवरच्या एपकॅम या प्रथिनावर चालते. पसरू लागलेल्या काही पेशी तेच टाकून देतात, मग चुंबकाला सापडत नाहीत. अडकलेली प्रत्येक पेशी कॅन्सरचीही नसते. केंद्रक हवं, सायटोकेराटिन (एपिथेलियल पेशींतलं प्रथिन) हवं आणि सीडी45 (पांढऱ्या पेशींवरचं प्रथिन) नको. सीडी45 दिसलं तर ती पांढरी पेशी.

रिपोर्टवर शून्य आलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे आईला काही नाही ना, ताई?" तसं नसतं. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला असेल तेव्हा 5 किंवा जास्त पेशी हा धोक्याचा इशारा मानतात. गाठीची बायोप्सी मात्र या आकड्यावरून टाळता येत नाही. हे रिपोर्ट हातात देतानाच सांगा, नंतर फोनवर समजावणं फार जड जातं.