ग्लास नायलॉनचा रॉड लेथवर घेताना

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पॅनलचे स्पेसर, इन्सुलेटर, रोलरचे हब अशी कामं येतात आणि त्यात 30 टक्के ग्लास (काचेचे बारीक तंतू) भरलेलं नायलॉन बरंच असतं. साधं नायलॉन कापायची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, म्हणून लिहितोय.

आधी माल तपासा. रॉड काळा आहे म्हणून ग्लासचा समजू नका, साधं नायलॉनही काळं मिळतं. नेमका 50 मिमी व्यासाचा, 100 मिमी लांबीचा तुकडा टर्न करून वजनकाट्यावर ठेवा. साधा असेल तर 224 ग्रॅमच्या आसपास भरतो, 30 टक्के ग्लासचा 265 च्या. टूल लावलं की चिपही सांगतेच: साध्याची लांब दोरी निघते, ग्लासवाल्याची तुटक भुकटी.

एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल वापरू नका. काच त्याची धार खाते, मग टूल कापायचं सोडून घासतं आणि जॉब तापतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी येते तशी, कोटिंग नसलेली धारदार कार्बाइडची टीप लावा आणि हवेचा फवारा चालू ठेवा.

सगळ्यात जपायचं ते ड्रिलिंगला. एकदा 100 मिमीच्या रॉडमध्ये मी थेट 25 चं ड्रिल घातलं. निम्म्यात ‘ठाप’ असा आवाज आला आणि रॉड लांबीत उभा चिरला. एक्सट्रूजनच्या (साच्यातून दाबून रॉड काढण्याच्या) वेळचा ताण मोठ्या रॉडच्या पोटात राहिलेला असतो, आणि काचेमुळे माल साध्या नायलॉनइतका लवत नाही. आता जाड रॉड ओव्हनमध्ये सावकाश 120 अंशांपर्यंत, गाभ्यापर्यंत तापवतो आणि गरम असतानाच भोक पाडतो. आधी लहान ड्रिल, ते सारखं बाहेर काढत. उरलेलं बोअरिंग बारने.

रफिंग करून 1 मिमी माल ठेवा, जॉब रात्रभर तसाच राहू द्या, फिनिश सकाळी. गरम जॉबचं माप घेऊ नका. 40 मिमीचा बोअर 55 अंशांना बरोबर लागला, तर 25 अंशांना तो साधारण 0.06 मिमी लहान झालेला असतो. बेअरिंग बसवणाऱ्याला एवढा फरक पुरे. चकही बेताने आवळा, नाहीतर पातळ रिंग जॉमधून सुटल्यावर तिकोनी होते.

गिऱ्हाईक यात फिरत्या शाफ्टचा बुश मागायला आलं, तर त्याला स्पष्ट सांगा. उघडी पडलेली काच मऊ शाफ्ट घासून खाते. तिथे ऑइल भरलेलं कास्ट नायलॉन द्या.

ग्लास घातला तरी हे नायलॉन पाणी पितंच, साध्यापेक्षा कमी इतकंच. पावसाळ्यात तयार जॉब माप घेतल्या घेतल्या पॉलिथिनमध्ये सील करतो. आणि भुकटी एअर गनने उडवू नका, व्हॅक्युमने ओढा. मास्क लावा, बाह्या खाली ठेवा. काचेचे बारीक तंतू मनगटात शिरले की घरी जाईपर्यंत खाज थांबत नाही.