गाजलेली भूमिका सोडायची असेल तर

भूमिका सोडू का, असं कुणी विचारलं की मी आधी जॉर्ज लेझनबीबद्दल सांगते. १९६९ मध्ये तो जेम्स बाँड झाला आणि तो चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच पुढचा करणार नाही म्हणाला. बाँडचा जमाना संपला, असं एजंटनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. प्रीमियरला तो दाढी आणि लांब केस घेऊन गेला, निर्माते भडकले. १९७१ मध्ये शॉन कॉनरी पुन्हा बाँड झाला. मला फार हळहळ वाटते, कारण शेवटच्या प्रसंगात गोळी लागलेल्या बायकोला कवटाळून 'ती जरा विश्रांती घेतेय' असं पोलिसाला सांगणारा लेझनबी खरोखर चांगला आहे.

तेव्हा आधी करार स्वतः वाचा. पुढच्या भागांचं कलम आणि प्रसिद्धीची जबाबदारी, ही दोन पानं तर वकिलासोबत बसून. एजंटचं ऐका, पण त्याचं कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत मांडता येत नसेल तर थांबा. नकार निर्मात्याला समोरासमोर द्या, पत्रकारांना नंतर कळू दे. हातातल्या चित्रपटाची प्रसिद्धी मात्र संपेपर्यंत मन लावून करा, त्या पात्राला शोभेल अशाच रूपात.